करवंदाचं कुंपण : किलोभर बियांपासून एकराची वई



सध्या डोंगरची काळी मैना पिकली आहे. पोरं जाळ्यांत शिरून खिसे भरून आणतायत, बाजारात द्रोण मांडून बसलेल्या बाया दिसतायत. आणि याच वेळी कंपनीकडे सर्वांत जास्त येणारा प्रश्न आहे: "रानडुकरांनी गेल्या साली भुईमूग उकरला, भात लोळवलं, आता कुंपणाचं काय करायचं?" काटेरी तारेचा खर्च सगळ्यांना झेपत नाही. चिऱ्याचा गडगा घालायचा तर त्याहून जास्त.

या दोन गोष्टी एकमेकींना जोडून बघा. किलोभर पिकलेल्या करवंदांत एक एकराच्या कुंपणाला पुरेल एवढं बी असतं. फक्त ते बी *याच दिवसांत* पेरावं लागतं. म्हणून आजचा संदेश जरा मोठा आहे. सवडीने वाचा, घरात वाचून दाखवा, जपून ठेवा.

*१) हे झाड आहे तरी कसं*

करवंद आपल्या सह्याद्रीचंच आहे. कातळावर, जांभ्याच्या फटीत, वरकस उतारावर, जिथे दुसरं काही धड वाढत नाही तिथे याची जाळी उभी राहते. उन्हाळ्यात सगळं रान करपतं तेव्हाही करवंदीचं पान हिरवं असतं. पान जाडसर, चकाकतं. कुठेही मोडा, पांढरा चीक येतो. या चिकामुळे गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. शेळीची मात्र हमी देता येत नाही, कोवळा शेंडा ती खुडतेच.

काटे बघा. ते पेरापेरावर जोडीने येतात, कडक असतात, आणि जिथे काटे तिथेच फांदी दोन बाजूंना फाटते. प्रत्येक फाट्यावर पुन्हा काटे, पुन्हा फाटे. म्हणून एकच झुडूप काही वर्षांत जाळी होऊन बसतं. हा त्याचा स्वभाव आपल्याला कुंपणासाठी वापरायचा आहे. आपण फक्त त्याला योग्य वेळी कापायचं, बाकी जाळी ते स्वतःच विणतं.

फुलं पांढरी, चांदणीसारखी, जाईच्या वासाची. ती *फांदीच्या शेंड्याला* झुबक्याने येतात. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे छाटणीच्या वेळी लागणार आहे.

*२) हे कुंपण काय अडवतं आणि काय नाही*

आधीच स्पष्ट बोलू, म्हणजे नंतर निराशा नको.

✅ मोकाट गुरं, शेळ्या, कुत्री, येणारी-जाणारी माणसं: चांगलं अडतात.
✅ रानडुक्कर: बुडातून दाट झालं असेल *तरच* अडतं. डुक्कर वरून उडी मारून येत नाही, खालून मुसंडी मारतं. बुडाशी हातभर भगदाड असलं की तेवढं त्याला पुरतं.
❌ माकडं, वानर: अडत नाहीत.
❌ गवा: एवढं मोठं जनावर मनात आणलं तर जाळी तुडवून येतं. गव्याची वाट असेल तिथे केवळ यावर विसंबू नका.

दुसरी गोष्ट वेळेची. आज बी पेरलं तर रोप लागणार पुढच्या पावसाळ्यात, आणि कुंपण खऱ्या अर्थाने बंद होणार त्यानंतर तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात. तोवर आज जी वई करताय ती करावीच लागेल.

आणि हे कळकळीने सांगतोय: *कुंपणाच्या तारेत घरातली किंवा पंपाची वीज थेट सोडू नका.* एका रात्रीची राखण होते आणि दुसऱ्या दिवशी शेजारचा माणूस, वाट चुकलेलं पोर किंवा घरचाच कुणी त्या तारेवर सापडतो. हे बेकायदा आहे, वन्यप्राणी मेला तरी गुन्हा आहे, आणि माणूस गेला तर त्याची भरपाई कुठल्याच पिकातून होत नाही. सौर कुंपणाचं यंत्र वेगळं असतं. ते क्षणभर धक्का देऊन सोडतं. थेट वीज धरून ठेवते, सोडत नाही.

*३) जागा किती जाते, रोपं किती लागतात*

हिशेब मांडू. एक एकराचा तुकडा साधारण चौरस धरला तर एक बाजू ६४ मीटर, चारही बाजू मिळून सुमारे २५४ मीटर. फाटकासाठी ४ मीटर सोडले की उरले २५० मीटर.

चारही बाजूंना दुहेरी ओळ लावली तर कुंपणाचा पट्टा २ मीटर रुंद होतो. म्हणजे ५०० चौरस मीटर, जवळपास ५ गुंठे. एकरातले ५ गुंठे कुंपणाखाली घालवणं छोट्या शेतकऱ्याला परवडत नाही. म्हणून आमचा सल्ला असा:

▪️ *जंगलाच्या किंवा ओढ्याच्या बाजूला*, जिथून जनावर येतं, तिथे दुहेरी ओळ. दोन ओळींत ६० सेंमी, ओळीत दोन रोपांत ९० सेंमी अंतर. पुढच्या ओळीतल्या दोन रोपांच्या मधोमध मागच्या ओळीतलं रोप यावं, म्हणजे समोरून फट दिसत नाही. ६४ मीटरला सुमारे १४२ रोपं.

▪️ *बाकी तीन बाजूंना* एकेरी ओळ, रोपात ६० सेंमी अंतर. १८६ मीटरला सुमारे ३१० रोपं.

एकूण साधारण ४५० रोपं. काही मरतात, म्हणून दहाएक टक्के जास्त धरून *५०० रोपं* तयार ठेवा. जागा जाते साडेतीन गुंठ्यांच्या आसपास. तुमचा तुकडा लांबट किंवा वाकडा असेल तर परीघ वाढतो. दोरीने मोजून याच पद्धतीने हिशेब करा.

*बांधाचं बघा.* करवंद एकदा लागलं की पिढीभर हलत नाही. म्हणून हद्दीवर न लावता आपल्या बाजूला निदान तीन फूट आत लावा. फांदी शेजाऱ्याच्या वाफ्यात गेली की काटा त्याच्या पायात आणि भांडण आपल्या दारात. हद्दीचा वाद असेल तर आधी मोजणी, मग लागवड. शेजाऱ्याशी बोलून दोघांनी मिळून एकच कुंपण घातलं तर दोघांचीही जागा आणि रोपं वाचतात.

*४) बी कसं धरायचं: याच आठवड्याचं काम*

करवंदाचं बी साठवणीचं नाही. भाताचं बियाणं जसं कणगीत राहतं तसं हे राहत नाही. वाळवून डब्यात भरून ठेवलं की उगवण झपाट्याने कमी होते. "पावसाळा संपल्यावर बघू" म्हणाल तर वर्ष गेलं.

१. दाट, काटेरी, दरवर्षी भरपूर धरणारी जाळी निवडा. तिची *पूर्ण काळी झालेली* फळं घ्या. लालसर, अर्धी पिकलेली नकोत. एकाच जाळीऐवजी चार-पाच जाळ्यांची फळं घ्या.

२. फळं पाण्यात कुस्करा, गर धुऊन काढा. तळाशी बसलेल्या चपट्या, तपकिरी बिया घ्या. तरंगणाऱ्या टाकून द्या.

३. राखेत किंवा कोरड्या मातीत चोळा म्हणजे चिकटपणा जातो. सावलीत एक-दोन दिवस सुकवा. उन्हात नको.

४. लगेच पेरा. ५०० रोपं हवी असतील तर ८०० ते १००० बिया पेरा. एका फळात साधारण तीन-चार बिया धरल्या तर किलोभर करवंदं पुरतात.

*गादीवाफा:* एक मीटर रुंद, वीतभर उंच, माती भुसभुशीत, त्यात कुजलेलं शेणखत. बोटाच्या अर्ध्या पेराएवढ्या खोलीवर बी, दोन ओळींत १० सेंमी. वरून पातळ गवताचं आच्छादन. झारीने हलकं पाणी. साधारण १५ ते ३० दिवसांत उगवायला लागतं. कोंब दिसले की गवत काढून घ्या.

आपल्याकडे आषाढातला पाऊस वाफा धुऊन नेतो. म्हणून वाफ्यावर उतरतं मांडव घाला आणि वर नारळाची झापं किंवा शेडनेट टाका. पाणी वाफ्यात थांबता कामा नये. रोपं बुडाशी कुजून आडवी पडायला लागली तर समजा पाणी जास्त आणि हवा कमी. चर खोल करा, दाट रोपं विरळ करा.

चार-सहा पानं आली की रोप पिशवीत घ्या. दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग शेणखत. पिशवीला खाली भोकं आहेत ना ते बघा. पुढच्या मृगापर्यंत रोप वीत-दीड वीत होतं. पावसाळा संपल्यावर पिशव्यांना पाणी विसरू नका. रोपं बहुतेक करून फेब्रुवारी-मार्चमध्ये दुर्लक्षाने मरतात.

*यंदाच लावायचं असेल तर* रोपवाटिकेतून एक वर्षाची रोपं घ्या. घेताना एखादी पिशवी फाडून मुळं बघा. पिशवीत गोल गोल गुंडाळलेली मुळं असतील तर ते रोप जुनं झालेलं आहे, घेऊ नका.

*फांदी खोचून लागते का?* असं बरेच जण विचारतात. साधी फांदी खोचली तर सहज मूळ धरत नाही. एखाद्या चांगल्या जाळीचं हुबेहूब झाड हवं असेल तर पावसाळ्यात गुटी बांधा. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीवर २-३ सेंमी रुंदीची साल गोल काढा, चीक पुसून घ्या, ओलं शेवाळ लावून प्लॅस्टिकने घट्ट बांधा. साधारण तीन महिन्यांत मुळं दिसतात. कुंपणाला मात्र बियांची रोपंच बरी: स्वस्त पडतात आणि मूळ खोल जातं.

फळांसाठीच लागवड करायची असेल तर दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण बोल्ड' ही मोठ्या फळाची जात आहे. तिची कलमं किंवा गुटीची रोपं घ्या. बियापासून केलेल्या रोपात मूळ झाडाचेच गुण येतील याची खात्री नसते.

*५) लागवड*

पाऊस एकदा नीट लागला, जमीन हातभर भिजली की लावायचं. पहिल्या वळवावर भुलू नका.

कुंपणासाठी ४५ सेंमी रुंद आणि तेवढाच खोल चर खणा, किंवा कातळ असेल तर मिळेल तिथे खड्डे घ्या. वरची माती वेगळी ठेवून त्यात शेणखत मिसळा आणि तीच आधी भरा. पिशवी पूर्ण काढा. माती दाबा. खोडाभोवती माती थोडी उंच ठेवा.

करवंदाला खडकाळ जमीन चालते, हलकी चालते, कमी पाणी चालतं. *साचलेलं पाणी चालत नाही.* भातखाचराच्या सखल बांधाला लावाल तर मुळं कुजून झाड शेंड्याकडून वाळत येतं. तिथे मातीचा उंच वरंबा करून त्यावर लावा.

पहिल्या दोन उन्हाळ्यांत आठ-दहा दिवसांनी पाणी द्या आणि बुडाशी पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवा. पुढे पाणी नसलं तरी झाड जगतं. खत म्हणून दर पावसाळ्याच्या सुरुवातीला झाडामागे ५ किलोच्या आसपास कुजलेलं शेणखत पुरे. युरियाचा मोह नको. त्याने लुसलुशीत फोक सुटतात, फुलं कमी येतात आणि कोवळ्या फोकांवर कीड बसते.

लहान रोपांना शेळ्यांपासून जपायला जुन्या जाळीच्याच छाटलेल्या काटेरी फांद्या भोवती रोवा. फुकटची वई.

*६) छाटणी: इथेच कुंपण बनतं किंवा बिघडतं*

बऱ्याच ठिकाणी करवंद लावलेलं दिसतं, उंच वाढलेलंही दिसतं, पण खालून कुत्रं आरपार जातं. कारण एकच: सुरुवातीला कापायचा धीर झाला नाही.

झाडाचा शेंडा जिवंत असेपर्यंत तो खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. सगळी ताकद वर ओढतो. शेंडा कापला की खालचे झोपलेले डोळे जागे होतात आणि एका फांदीच्या दोन-चार होतात. म्हणून दाट बूड हवं असेल तर झाड *लहान असतानाच* कापावं लागतं. माणसाएवढं झाल्यावर वरून कापलं तर फुटवा वरच येतो, बूड उघडंच राहतं.

▪️ *लागवडीनंतर पहिलं वर्ष पुरं झाल्यावर, पावसाच्या तोंडावर:* जमिनीपासून एक फुटावर सरळ कापा. जिवावर येतं, पण कापा.
▪️ *दुसऱ्या वर्षी:* दोन फुटांवर.
▪️ *तिसऱ्या वर्षी:* तीन-साडेतीन फुटांवर, आणि बाजूंनीही फांद्या आखडत्या घ्या.
▪️ *त्यापुढे:* पाच फूट उंची कायम ठेवा.

आकार असा ठेवा की बूड रुंद आणि माथा निमुळता. धान्याच्या राशीसारखा. माथा रुंद झाला की बुडावर सावली पडते, सावलीतली फांदी पानं टाकते आणि वाळते. मग तिथेच डुकराची वाट तयार होते.

मेलेल्या रोपाच्या जागी त्याच पावसाळ्यात दुसरं लावा. दोन-तीन वर्षांनी मध्ये लावलेलं रोप दोन्हीकडच्या जाळीच्या सावलीत वर येत नाही. भगदाड पडलंच असेल तर दोन्ही बाजूंच्या लांब फांद्या आडव्या वाकवून एकमेकींत गुंतवून बांधा. आडव्या फांदीवर जागोजागी फुटवा येतो.

*आता फळाचं.* वर सांगितलं की फूल शेंड्याला येतं. पावसाळ्यात वाढलेल्या फांद्यांच्या शेंड्यांवर थंडी सरता सरता कळ्या दिसू लागतात. दसरा-दिवाळीला "कुंपण साफ करून घेऊ" म्हणून माथा भादरलात की पुढच्या उन्हाळ्याची करवंदं तिथेच संपली. म्हणून जोरकस छाटणी वर्षातून *एकदाच*: फळं उतरली की लगेच, आगोटीच्या कामांत, जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. जुलै-ऑगस्टमध्ये वाटेत आलेला एखादा फोक तेवढा काढा. त्यानंतर कात्री बाजूला.

पहिली तीन वर्षं फळांचा विचार सोडा. आधी कुंपण होऊ द्या.

*छाटताना:* जाड हातमोजे, पूर्ण बाह्या, पायात बूट आणि *डोळ्यांवर चष्मा.* कापलेली फांदी उसळून चेहऱ्यावर येते. चीक डोळ्यात गेला तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. काटा खोल मोडला असेल तर घरी सुईने उकरत बसू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय का ते विचारून घ्या. छाटलेल्या फांद्या पायवाटेवर टाकू नका. जाळीत हात घालण्याआधी काठीने आपटा, गारव्याला साप बसलेला असू शकतो.

*७) रोग-कीड*

हे झाड काटक आहे. दरमहा फवारणीची गरज नाही. बघायचं ते एवढंच:

▪️ कोवळ्या फांद्यांवर पांढरा पिंजलेला कापूस दिसला, मुंग्यांची रांग दिसली, पानं चिकट-काळी झाली, तर पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड. फांदी थोडकी असेल तर कापून जाळा. जास्त असेल तर ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. ५ किलो निंबोळ्या कुटून पाण्यात रात्रभर भिजवायच्या, गाळून एकूण १०० लिटर पाणी करायचं.

▪️ भर पावसात पानांवर तपकिरी ठिपके आले तर बहुतेक वेळा दाटी आणि ओल हेच कारण असतं. पाऊस ओसरला की झाड सावरतं.

▪️ फुलं असताना कोणतंही कीटकनाशक मारू नका. फुलांवर येणारे किडे आणि मधमाश्या नसतील तर फळ धरत नाही. त्याच मधमाश्या तुमच्या काजूवर आणि आंब्यावरही जातात.

▪️ *वणवा.* कुंपणाचा सर्वांत मोठा शत्रू हाच. जळालेली करवंद बुडातून पुन्हा फुटते, पण तीन वर्षांची मेहनत मागे जाते. थंडी संपता संपता कुंपणाच्या बाहेरच्या बाजूचं गवत दोन मीटर कापून काढा. बांध पेटवून साफ करण्याची सवय असेल तर ती आता सोडावी लागेल.

*८) फळं काढताना*

करवंदाला तीन वेळा गिऱ्हाईक असतं. *हिरवी, टणक:* लोणच्यासाठी. *लालसर, अर्धपिकी:* जेलीसाठी, कारण फळ पूर्ण पिकण्याआधी त्यात आंबटपणा आणि जेली घट्ट करणारं पेक्टिन जास्त असतं. *काळी, पिकलेली:* खायला आणि सरबताला. तिन्ही एका पाटीत मिसळून आणली तर तिन्हींचा भाव जातो. झाडावरच वेगळी काढा.

▪️ देठ खुडला की चीक गळतो. फळं सावलीत गोणपाटावर किंवा केळीच्या पानावर पसरून चीक निथळू द्या. चिकाने माखलेलं फळ काळं पडतं आणि दुसऱ्याला चिकटतं.
▪️ हाताला आधी खोबरेल लावा, चीक सहज निघतो.
▪️ प्लॅस्टिकच्या पोत्यात भरू नका. उथळ पाटी किंवा क्रेट घ्या. पिकलेलं फळ दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही, हिरवं त्याहून बरंच टिकतं. पिकलेली फळं सकाळी काढून त्याच दिवशी केंद्रावर पोचवा.
▪️ फांदी ओरबाडून, कोयत्याने तोडून फळं काढू नका. तोडलेल्या फांदीबरोबर पुढच्या वर्षीचा शेंडाही जातो.

मोकळ्या वाढलेल्या, चांगल्या झुडपापासून साधारण ३ ते ५ किलो फळ मिळतं. कापून घट्ट ठेवलेल्या कुंपणाला तेवढं येणार नाही, हे धरून चाला. कुंपण आधी राखणीसाठी आहे, फळ वरकमाई. फळ हेच मुख्य उत्पन्न हवं असेल तर वरकस जमिनीत ३ × ३ मीटरवर स्वतंत्र लागवड करा. एकरी सुमारे ४५० झाडं बसतात.

घरी लोणचं, सरबत करून विकणाऱ्या बचत गटातल्या ताई-माईंनी अन्न सुरक्षा विभागाची नोंदणी करून घ्यावी. छोट्या उद्योगाला ती करावी लागते आणि ऑनलाइन होते. नोंदणी असेल तर दुकानदार माल ठेवायला कां-कूं करत नाही.

*एक सावधगिरी:* करवंद आणि कण्हेर एकाच कुळातली. दोघांनाही चीक येतो. पण कण्हेर विषारी आहे, आणि पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, तिचं फळ तर जीव घेऊ शकतं. कुंपणात करवंद आणि कण्हेर मिसळून लावू नका. मुलं करवंदं खात खात पुढे जातात, ती थांबून झाड ओळखत बसत नाहीत.

*९) रानातल्या जाळ्यांचं काय*

आपण आजही बरीचशी करवंदं रानातूनच गोळा करतो, आणि अनेक घरांत मे महिन्याचा बाजार त्यावरच चालतो. बहुतेक वेळा हे काम घरातल्या बाया आणि म्हाताऱ्या माणसांचं असतं. ती जाळी कुणाच्याच मालकीची नाही म्हणून कुणीही पेटवावी, जेसीबीने उपटावी, असं होत गेलं तर हा बाजार आपल्या डोळ्यांदेखत संपेल. जाळीवर थोडी फळं मागे ठेवा. बुलबुल आणि इतर पाखरं ती खातात आणि बी लांब नेऊन टाकतात. आपल्या बांधावर न लावता उगवलेली करवंद त्यांचीच कृपा आहे.

शेताच्या कडेला आधीच रानटी जाळी असेल तर ती उपटून नवी लावण्याचा खटाटोप करू नका. तिलाच यंदा फळं उतरल्यावर दीड-दोन फुटांवर कापा आणि दोन जाळ्यांमधल्या मोकळ्या जागेत रोपं भरा. जुन्या मुळावरचा फुटवा नव्या रोपापेक्षा लवकर वर येतो. अर्धं कुंपण तिथेच तयार आहे.

*👉 या पंधरवड्यात करायचं:*

१. कुंपणाची लांबी दोरीने मोजा, जनावर कुठून येतं ती बाजू ठरवा.
२. चांगल्या जाळीची किलोभर काळी करवंदं आणा, बी धुऊन लगेच पेरा.
३. जुनं करवंदाचं कुंपण असेल तर फळं उतरताच छाटणी करा.
४. शेजाऱ्याशी बांधाबद्दल बोला.
५. तारेत वीज सोडणारं कुणी माहीत असेल तर त्याला हा संदेश दाखवा.

ज्यांना ५०० रोपं करायला जागा नाही त्यांनी वाडीतल्या चार-पाच जणांनी मिळून एकाच्या परसात वाफा करावा. पाणी, राखण, शेडनेट सगळं वाटून जातं. असा वाफा करणाऱ्यांनी याच नंबरवर "करवंद" लिहून गावाचं नाव पाठवावं. कंपनीचे कार्यकर्ते रोपं पिशवीत भरायच्या वेळी येऊन बघतील. वाफ्याचा, कुंपणाचा किंवा किडीचा फोटो पाठवताना एक जवळून आणि एक लांबून, असे दोन पाठवा, म्हणजे नेमकं सांगता येतं.

पुढचा संदेश: भात रोपवाटिका आणि बीजप्रक्रिया.

पाऊस वेळेवर येवो. 🌿